बेताच्या खर्चातली कार्बन ग्रॅव्हल सायकल: कसोटी सांध्यांची

कार्बनची ग्रॅव्हल सायकल बांधायची म्हटलं की बोलणं पहिल्यांदा वजनावर येतं, म्हणून तो हिशेब आधीच उरकू. स्वस्तातली कार्बन फ्रेम साधारण १,००० ते १,२०० ग्रॅम भरते. तशाच मापाची अ‍ॅल्युमिनियमची १,५०० ते १,८०० ग्रॅम. फरक धरू ६०० ग्रॅमचा. चालवणारा ७५ किलोचा, सायकल ९ किलोची, वर पाण्याची बाटली, असे मिळून ८५ किलो झाले तर ६०० ग्रॅम म्हणजे त्यातले जेमतेम ०.७ टक्के. तासभराचा खडा चढ चढताना एवढ्याने फार तर २५ सेकंद वाचतील. सपाट रस्त्यावर फरक जाणवणारही नाही.

तरीही कार्बन फ्रेमवर सायकल बांधावी, असं मला मनापासून वाटतं. कार्बनला हवा तो आकार देता येतो. मागच्या खालच्या नळ्या वाकवून रुंद टायरला जागा करून देता येते आणि तरीही मागचं चाक फार लांब जात नाही. गंजाचा प्रश्न नाही. नीट बनवलेली फ्रेम रोजच्या ताणाने थकत नाही. पण या सगळ्याला एक अट आहे. कार्बनच्या नळीला जिथे जिथे दुसरी वस्तू येऊन मिळते, ती जागा बिनचूक हवी. क्रँकची (पेडल जोडलेल्या दांड्यांची) बेअरिंग, हेडसेट (हँडल वळतं त्या जागेच्या बेअरिंग), सीटपोस्ट (सीटचा दांडा), ब्रेक, अ‍ॅक्सल, हे सगळे सांधे. महागड्या सायकलीत या सांध्यांची काळजी कंपनीने घेतलेली असते. बेताच्या खर्चात स्वतः सायकल बांधणाऱ्याला ती स्वतःच घ्यावी लागते. खर्च कुठे करायचा आणि कुठे हात आखडायचा, हेही त्यावरूनच ठरतं.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे नेमकं काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रोड सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, डिस्क ब्रेक, आणि ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर बसतील एवढी जागा. डांबर संपून मुरूम सुरू झाला तरी परत फिरावं लागत नाही, हा तिचा खरा गुण. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावाभोवतीच्या कच्च्या रस्त्यांवर २००६ साली एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. आज ती ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ म्हणून ओळखली जाते. हा प्रकार नावारूपाला येण्यात तिचा मोठा वाटा आहे. २०२२ साली इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

धागा आणि राळ

कार्बन फायबरचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचा कृत्रिम धागा आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवतात, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत १,००० अंशांच्या वर नेतात. मागे उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. हे तंतू एकाच दिशेने अंथरून इपॉक्सी राळेत भिजवले की चिकट, पातळ पट्टा तयार होतो. त्याला प्रीप्रेग म्हणतात. फ्रेम बनवताना कामगार या पट्ट्याचे शेकडो तुकडे ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या कोनात हाताने लावतात, साच्यात ठेवतात, आतून फुग्याने दाब देतात आणि तापवून राळ कडक करतात. कार्बन म्हटलं की यंत्रमानव डोळ्यांसमोर येतो, पण हे काम आजही मुख्यतः हातांचंच आहे.

लाकूड रेषेच्या दिशेने पटकन चिरतं आणि आडवं तुटता तुटत नाही, तसाच कार्बनच्या एका थराचा स्वभाव असतो. तंतूंच्या दिशेने त्याचा ताठरपणा १३० गिगापास्कलच्या (हे ताठरपणा मोजण्याचं एकक) आसपास भरतो आणि आडव्या दिशेने १० च्या जवळपास. अ‍ॅल्युमिनियम सगळ्या दिशांनी सारखंच ७० असतं. म्हणून काही थर नळीच्या लांबीने, काही ४५ अंशांत तिरके, तर काही आडवे असे लावले जातात. पेडल मारताना पिळणारा भाग तिरक्या थरांवर उभा असतो. फ्रेमची गुणवत्ता या मांडणीत असते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

विक्रेते मात्र दिसणाऱ्या गोष्टी सांगतात. ‘टी७००’, ‘टी८००’, ‘टी१०००’ ही टोरे या जपानी कंपनीच्या धाग्यांची नावं आहेत. आकडा मोठा म्हणून फ्रेम चांगली, असं नसतं. टी७०० हा धागा जुन्या टी३०० पेक्षा बराच मजबूत आहे, पण राळेशिवायच्या नुसत्या धाग्याचा ताठरपणा दोघांचाही २३० गिगापास्कलच. फ्रेमवर ‘टी१०००’ छापलेलं असलं तरी त्या धाग्याचं प्रमाण किती आणि तो कुठे वापरलाय, हे त्या छपाईवरून कळत नाही. ‘३के’ म्हणजे एका पेडात ३,००० तंतू. वर दिसणारी चौकटींची वीण बहुतेक वेळा शोभेचा शेवटचा थर असतो. या दोन्ही गोष्टींसाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी सायकलींसाठीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार झालेल्या चाचणीचा अहवाल मागावा. त्यात फ्रेमवर पेडल मारल्यासारखा ताण एक लाख वेळा दिला जातो, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची वेगळी चाचणी होते, वजन आदळूनही पाहिलं जातं. अहवाल त्याच मॉडेलचा आहे ना, फोर्क धरून आहे ना, चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा किती दिली आहे, एवढं विचारलं की विक्रेत्याची पारख होते. जो उत्तर टाळतो, त्याच्याकडून मी फ्रेम घेणार नाही.

स्वस्त का असते, आणि त्यात काय नसतं

चीनमध्ये शियामेन, शेन्झेन या शहरांच्या परिसरात कार्बनच्या सायकली बनवणारे अनेक कारखाने आहेत. फ्रेमच्या प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो आणि साचा महाग असतो. एखादी कंपनी स्वतःपुरता साचा बनवून घेते; त्याउलट कारखान्याने स्वतः बनवलेला ‘ओपन मोल्ड’ साचा असतो, त्यातून निघालेली फ्रेम कोणीही घेऊन आपल्या नावाने विकू शकतो. साच्याचा खर्च अनेकांत वाटला जातो; जाहिरात, प्रायोजित संघ, दुकानांची साखळी यांचा भार नसतो. स्वस्ताईचं मोठं कारण हे आहे. बिननावाची प्रामाणिक फ्रेम आणि मोठ्या कंपनीचं खोटं स्टिकर लावलेली नक्कल, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नाव चोरणारा मालाबद्दलही खरं बोलेल, याची खात्री नाही. नक्कल कधीच घेऊ नये.

अशा फ्रेममध्ये उणीव असते ती बारीकसारीक गोष्टींची. लहान-मोठी मापं मोजकीच मिळतात. रंगाखाली एखादी सुरकुती लपलेली असू शकते. मुख्य म्हणजे दोन वर्षांनी सुटा भाग मिळेलच असं नाही. मागचा गिअर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो डिरेलर हँगर, सीटपोस्ट आवळणारी पाचर, चाकाच्या आरपार जाणारा थ्रू-अ‍ॅक्सल, हेडसेटचं झाकण, हे भाग फ्रेमसोबतच जादा मागवून ठेवावेत. यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) बसणारी फ्रेम मिळाली तर उत्तम. स्रॅम कंपनीने २०१९ साली आणलेला हा हँगर आता इतक्या सायकलींवर आहे की तो कुठेही मिळतो. सायकल एका कुशीवर पडली की सर्वांत आधी हँगरच वाकतो, आणि तो नसला तर चांगली सायकल आठवडेच्या आठवडे उभी राहते.

मापांची भाषा

फ्रेम निवडताना रंगाआधी मापांचा कागद वाचावा. त्यात सर्वांत महत्त्वाचा आहे बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा दांडा ज्या भोकातून जातो ती जागा. सायकलवाले त्याला बीबी म्हणतात. काही फ्रेममध्ये बेअरिंगचे कप दाबून बसवायचे असतात, काहींमध्ये आट्यांनी आवळायचे. दाबून बसणाऱ्या प्रकारात भोक अगदी गोल आणि दोन्ही बाजू एका रेषेत हव्यात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक पडला तरी पेडल मारताना करकर सुरू होते आणि बेअरिंग लवकर जातात. महाग फ्रेममध्येही ही तक्रार ऐकू येते, स्वस्तात तर धोका जास्तच. म्हणून आट्यांचा बीबी, बीएसए किंवा टी-४७, हाच घ्यावा. बीएसए प्रकारात ६८ मिमी रुंदीच्या खोक्यात धातूची आटे असलेली नळी बसवलेली असते, आणि बीबीचा पाना वापरून कोणीही ती जोडणी करू शकतो. उजव्या बाजूच्या आट्या उलट्या असतात, हे विसरलं तर मात्र नवी फ्रेम पहिल्याच दिवशी खराब होते.

बाकीची मापं सरळ आहेत. पुढे १२ × १०० आणि मागे १२ × १४२ मिमीचे थ्रू-अ‍ॅक्सल, ब्रेकसाठी फ्लॅट माउंट (ब्रेक नळीवर सपाट बसवायची बैठक), सीटपोस्ट २७.२ मिमी गोल. फ्रेमला साजेसा चपटा किंवा तिरक्या आकाराचा सीटपोस्ट दिसायला छान असतो, पण तो तुटला तर त्याच कारखान्याच्या दारात उभं राहावं लागतं. केबल हँडलमधून थेट हेडसेटच्या आत नेणारी रचनाही बेताच्या खर्चात नको. वरची बेअरिंग बदलायला ब्रेकची नळी सोडवावी लागते, आणि कच्च्या रस्त्यावरच्या धुळीपाण्याने तीच बेअरिंग सारखी बदलावी लागते. नळीच्या बाजूने आत जाणारी केबल पुष्कळ झाली.

उंची-लांबीसाठी फ्रेमच्या ‘५४’, ‘५६’ या साइझच्या आकड्यांवर विसंबू नये. स्टॅक आणि रीच ही दोन मापं बघावीत. बीबीच्या मध्यापासून हेड ट्यूबचं (हँडलखालच्या पुढच्या नळीचं) वरचं तोंड किती वर आहे तो स्टॅक, किती पुढे आहे तो रीच. आत्ता जी सायकल अंगाला बसते तिची हीच दोन मापं घेऊन नव्या फ्रेमशी ताडून बघितली, तर अंदाज बरोबर येतो.

गिअर: जुळणी आधी, मोह नंतर

गिअरच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते न जुळणारे भाग घेतल्याने. एकाच कंपनीचा, तेवढ्याच गिअरचा माउंटन सायकलचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि खाली वळलेल्या ड्रॉप हँडलचा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) एकत्र चालेल असं वाटतं. पण शिमानो या जपानी कंपनीच्या केबलवाल्या ११ गिअरच्या भागांत तसं होत नाही. दर क्लिकला ओढली जाणारी केबलची लांबी वेगळी असते. जीआरएक्स हा शिमानोने २०१९ साली खास ग्रॅव्हलसाठी आणलेला संच आणि त्यांचे ११ गिअरचे रोड शिफ्टर मात्र आपसात जुळतात. जीआरएक्सचा क्रँक रोड क्रँकपेक्षा २.५ मिमी बाहेर असतो, रुंद टायरला जागा मिळावी म्हणून. त्यामुळे पुढे दोन चकत्या असतील तर पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच लागतो. मायक्रोशिफ्टने २०२३ साली आणलेला १० गिअरचा ‘सोर्ड’ हाही बेताच्या खर्चातला सरळ पर्याय आहे. जुना पण पूर्ण संच घेणं, हे नवे पण सुटे भाग जमवण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं.

गिअर किती हलका हवा, ते गणिताने काढता येतं. ७०० × ४० टायरचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जातं. पुढे ४० दात आणि मागे ४२ असतील तर पेडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण २.१ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. खड्या चढावर याहून हळू जाणार असू, तर त्याहून हलका गिअर लागेल. पुढे ३० आणि मागे ३४ घेतले तर त्याच ६० फेऱ्यांना ताशी ७ किलोमीटर पडतात. जड बाजूला ४० आणि ११ दातांवर ९० फेऱ्यांना ताशी ४३ किलोमीटर मिळतात, कच्च्या रस्त्याला ते भरपूर आहेत. शर्यतीच्या सायकलींचे जड गिअर बघून भुलू नये. चढावर गुडघे वाचवणारा गिअर रोज कामी येतो, उतारावरचा जड गिअर क्वचित. आणखी एक, मागच्या डिरेलरला क्लच असायलाच हवा. तो चेन ताणून धरतो. नाहीतर खडीवर चेन सारखी आपटून कार्बनच्या नळीला टवके पाडते.

ब्रेक हायड्रॉलिक परवडत असतील तर तेच. लांब उतारावर एका बोटाने ताबा राहतो. नाही परवडले तर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे केबलचे डिस्क ब्रेक आणि न दबणारं केबलचं कव्हर, हा टिकाऊ पर्याय आहे. तेलाच्या बाबतीत एकच नियम: ज्या ब्रेकवर मिनरल ऑइल लिहिलंय त्यात तेच, ज्यावर डॉट लिहिलंय त्यात डॉटच. चुकीचं तेल आतली रबरं खाऊन टाकतं.

टायर: इथे हात सैल सोडा

सायकल मऊ चालते ती कार्बनमुळे, असा समज पक्का रुजलेला आहे. उभ्या दिशेने फ्रेमचा मागचा त्रिकोण मिलिमीटरभर लवला तरी खूप. ४० मिमीचा टायर मात्र खड्ड्यात सेंटिमीटरभर सहज दबतो. आराम, पकड आणि खडबडीत रस्त्यावरचा वेग, तिन्ही गोष्टी टायरवर आणि त्यातल्या हवेवर अवलंबून असतात. कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांनाही वर उडवतो. ती शक्ती अंगाच्या थरथरीत विरते आणि पुढे जायला उरत नाही. लवचीक बाजूंचा मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे सरकतो.

४० मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये ७५ किलोच्या माणसाने पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयपासून सुरुवात करावी. रोज त्याच रस्त्यावर २ पीएसआय कमी-जास्त करून बघावं. वळणावर टायर खाली गुंडाळल्यासारखा वाटला किंवा दगडावर रिम टणकन लागली, तर हवा कमी आहे. हातांना झिणझिण्या येत असतील तर बहुधा जास्त आहे. आपला आकडा सापडायला थोडे दिवस लागतात. एक छोटा डिजिटल गेज घ्यावा, कारण पंपावरचा काटा या कमी दाबात भरवशाचा नसतो.

ट्यूबलेसमध्ये टायरच्या आतलं लेटेक्सचं द्रावण बारीक भोक आपोआप बुजवतं. ते काही महिन्यांत सुकतं, म्हणून हलवून किंवा व्हॉल्व्ह काढून बघत राहावं. मोठ्या चिरेला रबराचा प्लग, आणि पिशवीत एक ट्यूब कायम. एम्पोरियाभोवतीच्या वाटांवरचे धारदार गारगोटीचे दगड टायरच्या बाजू चिरतात. अशा रस्त्यांवर बाजूंचा जाड टायर घ्यावा, थोडा जड असला तरी.

रिम अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी. दगडावर आदळली तर तिला पोचा पडतो, पण ठोकून पुन्हा चालते. कार्बन रिमला तडा गेला तर प्रवास तिथेच संपतो. आतली रुंदी २१ ते २५ मिमी, २८ किंवा ३२ साधे स्पोक, आणि बंद बेअरिंगचे हब. असं चाक आउट झालं तर कोणताही सायकलवाला आउट काढून देईल. हूकलेस रिम (टायर धरणारा हूक काठाला नसलेली) असेल तर तिची ५ बारची, म्हणजे ७२.५ पीएसआयची मर्यादा पाळावी आणि टायर तिला चालणाराच असावा. आणि टायर कितीही रुंद बसत असला तरी दोन्ही बाजूंना चारपाच मिलिमीटर मोकळे ठेवावेत. चिकटलेला चिखल वाळूसकट फिरतो आणि कार्बन घासत नेतो. एका लांब ओल्या दिवसात रंग जाऊन थर उघडे पडू शकतात.

जोडणी

टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) नसेल तर कामाला हातच लावू नये. सायकलच्या एखाद्या भागावर पैसे कमी करा, पण हे हत्यार घ्या. कार्बनची नळी आतल्या दाबाला आणि ताणाला खंबीर असते, बाहेरून चिमटीत आवळणं तिला सोसत नाही. हाताच्या अंदाजाने सीटपोस्टचा बोल्ट आवळला आणि कुठूनतरी बारीक ‘टक’ ऐकू आलं, की त्या जागेचं आयुष्य संपलं. सीट क्लॅम्प आणि स्टेम (हँडल फोर्कच्या दांड्याला जोडणारा भाग) बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतात. भागावर छापलेला आकडा हा वरची मर्यादा असतो. आधी कार्बन पेस्ट लावावी. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पकड मिळते. कॅसेटचं (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचं) लॉकरिंग मात्र ४० न्यूटन-मीटर मागतं, तिथे भीड नको.

फ्रेम हातात आली की भाग जोडण्याआधी तिची तपासणी करावी. बीबीचे आटे हाताने सहज फिरतात का. हेडसेटची बेअरिंग बैठकीत न डुगडुगता बसते का. ब्रेकच्या बैठकीवर रंगाचा थेंब तर राहिला नाही ना. मागचं चाक बसवून दोन्ही नळ्यांपासूनचं अंतर मोजावं, मग चाक उलटं करून पुन्हा मोजावं. सायकलच्या चाकात खोट असेल तर ती बाजू बदलते, फ्रेममध्ये असेल तर जागेवरच राहते. खोट सापडली तर फ्रेम परत पाठवायची वेळ हीच असते. एकदा भाग चढवले की विक्रेता ऐकून घेत नाही.

सर्वांत नाजूक काम फोर्कचा दांडा कापण्याचं. आधी सगळे स्पेसर (स्टेमखाली-वर बसणाऱ्या कड्या) आणि स्टेम बसवून खूण करावी आणि सुरुवातीला थोडा जास्तच ठेवावा. बारीक दातांचं करवतीचं पातं, सरळ कापण्यासाठी गाइड, पाणी शिंपडत, तोंडाला मास्क. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. वरच्या बोल्टसाठी आत धातूची चांदणी (स्टार नट) ठोकायची नाही, ती कार्बनच्या दांड्याला आतून ओरखडते. फुगून घट्ट बसणारा एक्स्पांडर प्लग वापरायचा, आणि तो स्टेमच्या पट्ट्यात यायला हवा. दांड्याचं टोक वरच्या स्पेसरच्या दोनतीन मिलिमीटर खाली राहावं. वरचा बोल्ट फक्त डुगडुग घालवण्यापुरता असतो. हँडल धरून ठेवतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट.

स्टेम आणि हँडल अ‍ॅल्युमिनियमचंच असू द्यावं. फोर्कच्या बाबतीत मात्र तडजोड अजिबात नाही. फ्रेमला तडा गेला तर बहुतेक वेळा थांबायला वेळ मिळतो, फोर्क तुटला तर मिळत नाही. ज्या फोर्कचा चाचणी अहवाल नाही, तो बाजूला ठेवून दुसरा घ्यावा, मग फ्रेम स्वस्त राहिली नाही तरी चालेल.

चालवताना

नव्या डिस्क पॅडना आधी बसू द्यावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक लॉक न करता, जवळजवळ थांबेपर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावावा. त्याआधी लांब उतार घेऊ नये.

सैल खडीवर पकड थोडीच असते, आणि ती ब्रेक, वळण आणि पेडल या तिघांत वाटायची असते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत लावावा आणि वळणात सोडून द्यावा. हात हँडलच्या खालच्या बाजूला धरले की वजन खाली राहतं आणि ब्रेक दाबायला जोर लागत नाही. वळताना बाहेरचं पेडल खाली, वजन त्यावर, सायकल अंगाखाली कलती. नजर चाकापुढच्या दगडावर नको, जिकडे जायचं तिकडे हवी. सायकल नजरेमागे जाते.

चढावर उभं राहून पेडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते जागच्या जागी फिरतं. बसूनच, किंचित पुढे झुकून, हलक्या गिअरवर सारखा जोर लावावा. वाळूचा पट्टा दिसला की आत शिरण्याआधी गिअर हलका करावा, वजन मागे घ्यावं, हँडल सैल धरावं आणि पुढचं चाक थोडं भरकटलं तरी भरकटू द्यावं. ते हिसका देऊन सरळ करायला गेलं की पडणं ठरलेलं. उतारावर दोन्ही पेडल आडवी, ढुंगण सीटवरून जरा वर, कोपरं-गुडघे वाकलेले. वजन पायांवर असावं. हातांनी फक्त दिशा द्यावी. नालीदार पत्र्यासारख्या रस्त्यावर हे न करता घट्ट बसून राहिलं तर दिवसाअखेरी मनगटं बोलू लागतात.

अंगाची बैठकही इथेच उघडी पडते. पेडल खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहील इतकी सीटची उंची ठेवावी. पाठ दुखली तर लगेच स्टेम बदलू नये. आधी सीट पाच-पाच मिलिमीटरने हलवून बघावी.

पडल्यानंतर

अ‍ॅल्युमिनियम वाकून दाखवतं, कार्बन बहुधा दाखवत नाही. म्हणून आपटल्यावर सायकल पुसून, चांगल्या उजेडात, प्रत्येक नळीवर बोट फिरवावं. शंका आली तिथे नाण्याने हलकेच टकटक करत पुढे सरकावं. आवाज स्वच्छ येता येता एका जागी भद्द झाला, तर आतले थर सुटले असू शकतात. ही चाचणी सवयीने जमते, म्हणून सायकल नवी असतानाच एकदा टकटक करून तिचा आवाज कानांत भरून ठेवावा. फ्रेमच्या नळीचा तडा जाणकार माणूस नवे थर चढवून दुरुस्त करू शकतो. फोर्क, हँडल किंवा सीटपोस्टला शंका असली तर दुरुस्ती नको, बदलावं.

पिशव्यांचे पट्टे जिथे फ्रेमला घासतात तिथे पारदर्शक संरक्षक पट्टी पहिल्याच दिवशी लावावी. धूळ बसलेला पट्टा कार्बन हळूहळू घासत राहतो. सीटपोस्ट दर काही महिन्यांनी काढून, पुसून, पेस्ट लावून पुन्हा बसवावा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट घाम आणि पावसाच्या पाण्यात कार्बनला चिकटून बसला तर तो फ्रेम न दुखावता काढणं फार अवघड जातं. त्याच वेळी फोर्क खाली उतरवून त्याच्या दांड्यावर स्टेमखाली आणि खालच्या बेअरिंगपाशी रेष उमटली आहे का, हेही बघून घ्यावं.